शिसपेन्सिलीची वही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी आम्हाला पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली होती. महिनाभर कपाटात पडून होती. आज काढली, कारण ऑफिसच्या मेलमध्ये ‘मला भीती वाटते’ असं लिहिता येत नाही.

सकाळी सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. आमचा औषधपुरवठ्याचा सगळा पसारा त्यांच्या एका सॉफ्टवेअरवर चालतो, आणि ते सांभाळायचं काम माझं. कुठल्या रुग्णालयाला काय हवं, ते कुठल्या गोदामात आहे, कुठल्या गाडीत चढलं, सगळं त्यात. शीतगृहातल्या खोल्या किती थंड ठेवायच्या, तेही त्यातूनच ठरतं. पत्रात होतं की त्यात एक भोक सापडलंय. गाडीवाले आपापल्या गाडीची माहिती ज्या पानावर बघतात, तिथून कोणीही पासवर्डशिवाय आत येऊ शकतं आणि आत आल्यावर कोणाचंही नाव लावून वावरू शकतं. म्हणजे चोर घरात शिरणार आणि विचारलंच तर मी या घरची सून म्हणून सांगणार. दुरुस्ती तयार आहे, ताबडतोब बसवा, तोवर ते पान बंद ठेवा, असं शेवटी ठळक अक्षरात.

दुरुस्तीला आठ तास सगळं बंद ठेवावं लागतं. पान बंद करायला पाच मिनिटं पुरतात.

साहेबांकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, एरवी घेत नाहीत. शुक्रवारी एका मोठ्या रुग्णालयसमूहाची माणसं आमचं काम बघायला येणार आहेत, तेव्हा दुरुस्ती रविवारी करा, म्हणाले. निदान पान तरी बंद करते, असं मी म्हटलं. तर त्यांना मोठ्या पडद्यावर तेच पान दाखवायचंय. “चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय? मी आहे ना,” म्हणाले. मग म्हणाले, एक टिपण लिहून ठेवा, धोका तपासला, रविवारपर्यंत थांबायला हरकत नाही, असं. या विषयातलं तुमच्याइतकं इथे कोणाला कळतं?

एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा कोणी म्हणालं. जागेवर येऊन टिपण लिहिलं, खाली सही केली. सही नेहमीपेक्षा जरा मोठीच आली.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या एका कचेरीत तीस वर्षं टाइपिस्ट होत्या. शब्दकोड्यातून मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्यांनी काय लिहून दिलं?”

“त्यांनी कशाला लिहायचं, आई? ते साहेब आहेत.”

“हो का. आमच्याकडेही साहेब बोलायचे आणि सही आम्ही करायचो. बाकी जग बदललं म्हणतात.”

त्यांना प्रत्येक कागदात कट दिसतो. वय झालंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

शीतगृहात जाऊन आले. आत कोणकोणाला शिरता येतं ते तपासायचं होतं.

तिथे नाना असतात. मी नोकरीला लागले तेव्हा मला सातवा महिना होता. मुलाखतीला बाहेर उभं राहावं लागलं, तर नानांनी आपलं स्टूल आणून दिलं आणि स्वतः दिवसभर उभे राहिले. तेव्हापासून मी त्यांची ताई, ते माझे नाना. ऑक्टोबरात निवृत्त होणार आहेत.

आत हातात जाड मोजे असतात. सॉफ्टवेअरमध्ये शिरायला मोजे काढून फोनवर आलेला आकडा बघायचा आणि तो टाकायचा, हे दर वेळी शक्य नाही. बोटं बधिर होतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना मिळून ‘शीतगृह’ हे एकच नाव आणि एकच पासवर्ड करून दिला. तो दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला असतो. तेव्हा नानांनी विचारलं होतं, लिहून देता का, उद्या कोणी विचारलं तर? मी म्हटलं होतं, त्यात काय लिहायचं. मी आहे ना.

आज म्हटलं, नाना, खडू पुसा. त्यांनी लगेच पुसलं. दाराजवळच्या खोबणीत, फडक्याखाली, त्यांची वही दिसली. ही वही मीच बंद करायला लावली होती. सगळं पडद्यावर येतं, तर कागद कशाला? पण नाना दर तासाला भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याचा आकडा लिहीत असतात, कोण आलं, कोण गेलं, तेही. शिसपेन्सिलीने, कारण त्या थंडीत पेन नीट उमटत नाही. मी वही बघितली हे त्यांनी बघितलं. ओशाळून म्हणाले, हाताला सवय आहे ताई, सुटत नाही.

 मला बरंच वाटलं होतं, पण ते बोलून दाखवलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर उद्याच्या पाहुण्यांची तयारी. दुपारी तासभर वीज गेली. संध्याकाळी नानांचा फोन, दोन नंबरच्या खोलीत भिंतीवरचा काटा चाराऐवजी शून्यावर दिसतोय. मी माझा पडदा बघितला, हिरवा. म्हटलं, नाना, तो काटा तुमच्याहून म्हातारा आहे. पडदा बघा, हिरवा आहे ना? हो म्हणाले. मग झालं तर.

साडी कोणती नेसावी याचाच विचार जास्त होता, हेही इथे लिहून ठेवते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सव्वानऊला नाना स्वतः माझ्या टेबलापाशी आले. ते कधी वर येत नाहीत. अंगावर शीतगृहातला कोट तसाच. दोन नंबरच्या खोलीत खोक्यांवर बर्फाची साय धरली होती. त्यांनी मशीन हाताने चारावर आणलं होतं आणि खोलीला कुलूप घातलं होतं.

पडद्यावर खोली उणे चारावर लावलेली होती. अधिक चाराच्या जागी उणे चार. काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बदललेलं, नाव ‘शीतगृह’. आणि खोलीच उणे चारावर लावली म्हटल्यावर उणे चार हे बरोबरच, म्हणून पडदा हिरवा. कुठून बदललं ते बघायला मी बाहेरचा पत्ता तपासला. बदल त्या गाडीवाल्यांच्या पानावरून आला होता. कोणी केलं, कशासाठी, काही कळायला मार्ग नाही. नुसतं दार उघडं दिसलं म्हणून आत येऊन खुंट्या फिरवून गेलं असेल कोणी.

दोन नंबरमध्ये इन्सुलिन असतं. गोठलेलं इन्सुलिन दिसायला तसंच, पण पुन्हा वितळलं तरी औषध राहत नाही. आणि काल संध्याकाळी सहाला त्यातली चाळीस खोकी एका लहान रुग्णालयाच्या गाडीत चढली होती.

मी पळत गेले. साहेब पाहुण्यांना मोठा पडदा दाखवत होते. मी दारात उभी राहिले, त्यांनी हाताने थांबायची खूण केली. कागदावर लिहून शिपायाहाती दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं, आणि पाहुण्यांना म्हणाले, या आमच्या मॅडम, आमची सगळी सुरक्षा यांच्या हातात आहे. पाहुण्यांनी हसून माझ्याकडे बघितलं. मीही हसले.

पाहुणे चारला गेले. रुग्णालयाला फोन साडेचारला केला.

मला साडेनऊलाच करता आला असता. नंबर माझ्याकडे होता. हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्ती बसवली. सकाळी आठपासून साहेबांचे तीन फोन. आधी भोक बुजवा, बाकीचं मागाहून. भोक बुजलं. दुपारी तीनला लक्षात आलं की दुरुस्तीबरोबर त्या पानाची जुनी नोंद पुसली गेली. शुक्रवारी मी बघितलेला बाहेरचा पत्ता त्यातच होता. आधी उतरवून घ्यायचा असतो. नवख्यांना मी शिकवते तेव्हा हे पहिलं शिकवते.

आता मशीनकडे एवढंच उरलंय, तीन-दहा, ‘शीतगृह’.

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्या लहान रुग्णालयात एक बाई अतिदक्षता विभागात आहे. इन्सुलिन देत राहिले आणि साखर वाढतच राहिली. माझा फोन जाईपर्यंत, शुक्रवारी दिवसभर, डॉक्टरांना वाटलं, बाईच पथ्य पाळत नाही. तिला रागावलेसुद्धा.

हे मला फोनवर तिथल्या औषधवाल्याने सांगितलं. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. बाईचं वय चव्वेचाळीस. माझंच.

मुख्य कार्यालयातून दोघे चौकशीला येणार आहेत. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, अहवाल तुम्हीच लिहायचा, जेवढं सिद्ध होतं तेवढंच. मी म्हटलं, बाहेरून झालंय, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो हो, पण कागद काय म्हणतो? कागदावर शीतगृहाचं नाव आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नानांना कुणकुण लागली आहे. शीतगृहात गेले तर खाली मान घालून खोकी मोजत होते. मग खोबणीतून वही काढून त्यांनी माझ्यापुढे उघडली.

६ फेब्रुवारीचं पान. बारीक, तिरपं अक्षर.

‘२:५० वीज गेली. जनरेटरवर फक्त मशीन. कॉम्प्युटर बंद.
३:०० गाडी मोजायला अंगणात. दोघे बरोबर.
३:४० वीज आली. कॉम्प्युटर सुरू.
५:१० खोली दोन, काटा शून्य. ताईंना फोन. पडदा हिरवा म्हणाल्या.
६:०० गाडी गेली. खोकी ४०.’

खाली गाडीवाल्याची सही, तीपण पेन्सिलीने.

मी ते पान तीनदा वाचलं. तीन-दहाला शीतगृहातला कॉम्प्युटर बंद होता आणि शीतगृहातली तिन्ही माणसं अंगणात होती. एका पानात सगळं स्वच्छ झालं. मशीनची नोंद पुसली गेली, पण ज्या वहीला मी बंदी घातली होती ती उरली.

नानांनी कोटाच्या खिशातून खोडरबर काढलं. म्हणाले, “ताई, ती पाच-दहाची ओळ खोडतो आणि मग देतो. तिचं तिथे काय काम आहे?”

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “नोंद खोडायची नाही, नाना. जसं आहे तसं जाईल.”

 त्यांनी रबर खिशात ठेवलं. मला खरंच वाटतं, एवढी सरळ मी आयुष्यात कधी वागले नव्हते. वही छातीशी धरून वर आले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वहीची झेरॉक्स काढून बघितली. पेन्सिल उमटत नाही, नुसती करडी सावली येते.

चौकशीची माणसं सोमवारी येणार. वही थेट त्यांच्या हातात द्यावी की साहेबांमार्फत, याचा रात्रभर विचार केला. रीत अशी की साहेबांमार्फत जावं. रीत मोडली तर उद्या तेच माझ्यावर उलटायचं.

साहेबांनी पान वाचलं. बोट ओळीओळीने खाली आलं आणि पाच-दहावर थांबलं. म्हणाले, “यात तुमचंही नाव आहे.” हो म्हटलं. “त्या बाईचे नातेवाईक उद्या कोर्टात गेले तर हे पान पहिलं वाचतील, आणि वीज कधी गेली ते नाही वाचणार.”  त्यांनी वही मिटली, खणात ठेवली. “असू दे इथे. योग्य वेळी काढू. मी आहे ना.”

खोलीतून बाहेर आले तर मोकळं वाटलं. जिना उतरताना त्या मोकळं वाटण्याची लाज वाटली. खाली पोचेपर्यंत दोन्ही जरा कमी झालं होतं.

फोनवर फोटो काढता आला असता. आत्ता लिहिताना सुचलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी झाली. दोघे सभ्य होते, दोनदा चहा प्यायले. वहीचा विषय निघाला नाही. नानांनी काढला, तर ते म्हणाले, ती अधिकृत नोंद नाही ना? नानांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीकडे बघत होते.

अहवालात माझं वाक्य असं आहे: ‘शीतगृहातील सामाईक पासवर्ड दारावर उघड लिहिलेला असल्याने अनधिकृत बदल शक्य झाला.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पासवर्ड होता, दारावर होता, बदल शक्य होता. मी चार वेळा तपासलं.

पासवर्ड मी करून दिला होता, हे नाना सांगतील असं वाटलं होतं. त्यांना विचारलं, कोणी दिला? ते म्हणाले, आठवत नाही, जुनी गोष्ट आहे.

माझं चार तारखेचं टिपणही अहवालाला जोडलंय. कशाला, असं साहेबांना विचारलं, तर म्हणाले, जोडलेलं असावं, फाइल पूर्ण दिसते. आणि टिपणाची मूळ प्रत त्यांच्याकडेच ठेवली. एवढ्या बारीकसारीक कागदाची ते काळजी घेतात.

घरी सासूबाईंना अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “चोर सोडून संन्याशाला फाशी. छान टाइप केलंयस हो. आम्हीही करायचो. ज्याला काढणार त्याचंच पत्र टाइप करता करता त्याला विचारायचो, चहा घेणार का.”

मी जेवले नाही. नवऱ्याने कारण विचारलं, तर डोकं दुखतंय म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नानांचा शेवटचा दिवस. ‘स्वेच्छेने’ असं पत्रात आहे. ऑक्टोबर आठ महिन्यांवर होता.

कोट, मोजे, किल्ल्या त्यांनी टेबलावर नीट मांडून ठेवल्या. मोज्याच्या जोडीतला डावा उसवलेला होता, तर म्हणाले, नव्या माणसाला हा देऊ नका, थंडी आत शिरते. ती बाई बरी होऊन घरी गेली हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. ते त्या रुग्णालयात जाऊन आले होते, बसने, दोनदा. मी गेले नाही.

म्हटलं, नाना, मी साहेबांशी बोलते.

“नको ताई. तुमचं पोरगं शिकतंय अजून.” मग दारापर्यंत जाऊन परत वळले. “वही मिळाली असती तर बरं झालं असतं. तिच्यात माझी पेन्सिल राहिली.”

साहेबांकडे वही मागायला गेले. खणात नव्हती. कोणती वही, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा इतका स्वच्छ होता की क्षणभर मलाच वाटलं, कोणती वही?

१७ मार्च, सोमवार

मला ‘सुरक्षा प्रमुख’ केलं. वेगळी खोली आहे, खिडकी अंगणावर उघडते. साहेब म्हणाले, कठीण प्रसंगात तुम्ही कंपनीच्या पाठीशी उभ्या राहिलात.

सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं. किल्ली तुझ्या कमरेला आणि तिजोरी त्यांच्या घरात.” मग जरा थांबून, “त्या म्हाताऱ्याचा पत्ता आहे का तुझ्याकडे?”

आहे म्हटलं. एखाद्या रविवारी जाईन.

२ जून, सोमवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. नानांकडे जाणं झालं नाही. जायचं तर काय घेऊन जायचं, तेच ठरत नाही.

आज शीतगृहात गेले होते. नव्या शीतगृहप्रमुख बाई आल्यात, आधी एका दवाखान्यात परिचारिका होत्या. हुशार आहेत, हात भराभर चालतो. दार नव्याने रंगवलंय, खडूचा डाग कुठे दिसत नाही. काटाही काढून टाकलाय, भिंतीवर गोल पांढरी खूण तेवढी राहिली आहे.

बाईंनी अडचण सांगितली. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आणि फोनवर आकडा, हे माझेच नवे नियम. पण मोजे काढून आकडा टाकेपर्यंत गाडी खोळंबते, आणि बोटं मेल्यासारखी होतात. त्यांनी बोटं दाखवली. टोकं पांढरी पडली होती. शुक्रवारी परत पाहुणे यायचेत, तेव्हा गाडी खोळंबून चालायचं नाही, असं साहेबांनीही मला सकाळी जाता जाता सांगितलं होतं. लिहून नाही, असंच.

मी विचार केला. नियम माणसासाठी असतात. भोक तर केव्हाच बुजवलंय. म्हटलं, ठीक आहे, सगळ्यांना मिळून एक करून देते, पण दारावर लिहायचं नाही, लक्षात ठेवायचं. तिथल्या तिथे करून दिला, आणि कानात सांगितला.

बाईंनी मोजे चढवले. जाता जाता विचारलं, “मॅडम, हे लिहून मिळेल का? म्हणजे उद्या कोणी विचारलं तर.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “त्यात काय लिहायचं? मी आहे ना.”

त्यांचं समाधान झालं. चांगली बाई आहे. विश्वास ठेवते.